माउंटन बाइकचं वजन किती असावं? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात गेलेला माणूस सायकलची किंमत विचारण्याआधी एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीट धरून ती उचलून बघतो. हलकी लागली की चेहरा खुलतो. उचलून बघण्यात काही गैर नाही, पण तेवढ्यावर तीस-चाळीस हजारांचा निर्णय होताना दिसतो म्हणून हे पान. नाशिकचे चढ, इथला मुरूम, इथली काळी माती आणि इथले बाभळीचे काटे डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

थोडक्यात सांगा, किती किलोची घेऊ?

गिअरची पहिलीच हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, घेत असाल तर १३ ते १५ किलो. काट्यावर साडेपंधरा निघाली आणि बाकी सगळं चांगलं असेल तर बिनधास्त घ्या. १७ च्या वर गेली तर हे वजन नेमकं कशात आहे ते दुकानदाराला विचारा. १२ च्या खाली हवी असेल तर बजेट दुप्पट-तिप्पट करायची तयारी ठेवा, आणि एवढे पैसे कशासाठी घालतोय हे आधी ठरवा.

सगळ्या माउंटन बाइकना एकच आकडा लागू होतो का?

नाही. क्रॉस-कंट्री शर्यतीच्या कार्बन सायकली साधारण साडेनऊ ते साडेअकरा किलोंच्या असतात. हा प्रकार १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि त्यात चढाला फार महत्त्व असल्यामुळे तिथे खरोखरच ग्रॅम मोजले जातात. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या, चढ-उतार दोन्हींच्या ट्रेल बाइक १३ ते १५, जास्त खडतर उतारांसाठीच्या एन्ड्युरो १५ ते १७, आणि फक्त उतारासाठी बनवलेल्या डाउनहिल सायकली १६ ते १८ किलोंच्या. त्या शेवटच्या प्रकारात जास्त वजनाची कुणी तक्रार करत नाही, कारण दगडगोट्यांवरून पन्नासच्या वेगाने उतरताना अगदी हलकी सायकल जागेवरून उडते.

राहिल्या आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणाऱ्या सायकली: जाड टायर, भडक स्टिकर, एकच गिअर किंवा २१ गिअर, लोखंडी फ्रेम. त्या १७ ते २० किलोंपर्यंत जातात. चार इंची टायरची स्वस्त फॅट बाइक तर वीसही ओलांडते. कॉलेज रोडवर ती छान दिसते. रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी तिचा मालक बहुधा ती ढकलत असतो.

शर्यतीत किमान वजनाचा नियम असतो म्हणे?

तो रस्त्यावरच्या शर्यतींचा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० पासून ६.८ किलोंची किमान मर्यादा घातली आहे. माउंटन बाइकला ती लागू नाही, आणि तुम्हाला-मला तर अजिबातच नाही.

कॅटलॉगमध्ये १३.२ लिहिलंय आणि घरी काट्यावर १४.६ भरली. फसवलं का?

बहुतेक वेळा नाही, पण अर्धं सांगितलं एवढं खरं. कंपन्या वजन देतात ते पॅडलशिवाय आणि अनेकदा लहान किंवा मध्यम मापाच्या फ्रेमचं. महागड्या मॉडेलचं वजन ट्यूब न घालता, ट्यूबलेस धरून दिलेलं असतं. तुम्ही घेतलेली सायकल मोठ्या मापाची. तिच्यात २९ इंची चाकांच्या दोन ट्यूब, प्रत्येकी जवळपास २०० ग्रॅम. पॅडलची जोडी ३५० ते ४५० ग्रॅम. वर दुकानदाराने प्रेमाने लावून दिलेला साईड स्टँड अर्धा किलो, मडगार्ड, बेल, बाटलीचा पिंजरा. दीड किलो कुठून आलं ते कळलं?

कुलूप तर हिशेबात कुणी धरतच नाही. चांगलं यू-लॉक किलो-सव्वा किलोचं असतं. सीबीएसला किंवा रविवार कारंज्यावर सायकल लावून जाणाऱ्याने मात्र या वजनाबद्दल कुरकुर करू नये.

घरी वजन कसं करायचं?

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, सीटखाली फ्रेमला पट्टा बांधून सायकल उचला आणि आकडा स्थिर होऊ द्या. तो नसेल तर बाथरूममधल्या काट्यावर आधी एकटे आणि मग सायकल घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. पाव-अर्धा किलो इकडेतिकडे होईल, त्याने काही बिघडत नाही.

दोन किलो कमी झाले तर चढ किती सोपा होतो?

या प्रश्नाचं उत्तर गणित करूनच द्यावं लागतं, कारण इथे भावना फार फसवतात.

तुमचं वजन ७० किलो, सायकल १५, पाणी आणि पाठीवरची बॅग २. एकूण ८७. चढावर तुम्ही हे सगळंच वर नेत असता, नुसती सायकल नाही. त्यातले २ किलो काढले तर ओझं सव्वादोन टक्क्यांच्या आसपास कमी झालं. नांदुरीहून सप्तशृंग गडाच्या घाटासारखा एखादा चढ समजा तुम्ही ४० मिनिटांत चढत होता. तेवढाच जोर लावलात तर आता साधारण ५५ सेकंद वाचतील. शर्यतीत हे पुष्कळ झालं. रविवारी सकाळी मित्रांबरोबर निघालेल्याला ते वर पोहोचल्यावर फोटो काढण्याच्या गडबडीत कळणारही नाही.

ऊर्जेच्या भाषेत सांगायचं तर २ किलो ३०० मीटर वर नेण्यासाठी शरीर जेमतेम ६ किलोकॅलरी खर्च करतं. एका ग्लुकोज बिस्किटाचा पाव तुकडा. सपाटीवर तर वजनाचा परिणाम जवळपास नाहीच. तिथे वारा आणि टायरचं घर्षण यांच्याशी झगडा असतो. सोमेश्वर ते गंगापूर धरण या पट्ट्यात दम लागत असेल तर टायरमधली हवा आणि टायरच्या गुट्ट्या आधी बघा.

मग माझी सायकल चढावर एवढी जड का लागते?

शंभरातल्या नव्वदांचं उत्तर गिअरमध्ये आहे.

आपल्याकडच्या २१ गिअरच्या सायकलींना पुढे सगळ्यात लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांचा गठ्ठा, १४ ते २८ दात्यांचं असतं. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलाही पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.८६ वेळा फिरतं. मुरमाच्या खड्या चढावर हे फार होतं, गुडघे बोलायला लागतात. तेच फ्रीव्हील १४ ते ३४ चं घातलं तर आकडा ०.७१ वर येतो. पायाला लागणारा जोर जवळपास १८ टक्के कमी. वेग कमी होतो, एकूण काम तेवढंच राहतं, पण पाय फिरत राहतो आणि उतरून ढकलावं लागत नाही.

आता हाच १८ टक्क्यांचा फरक वजन कमी करून साधायचा म्हटलं तर ८७ किलोंमधून साडेपंधरा किलो काढावे लागतील. म्हणजे अख्खी सायकलच! आणि फ्रीव्हील बदलायचा खर्च नव्या सायकलच्या मानाने किरकोळ असतो. मागचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाते झेपणारं आहे ना आणि चेन पुरतेय ना, एवढं मेकॅनिककडून बघून घ्या. नवी घेत असाल आणि पुढे एकच चक्र असेल, तर पुढे ३२ किंवा ३० आणि मागे ५१ दात्यांपर्यंतची कॅसेट (हाही मागच्या चक्रांचा गठ्ठाच) असलेली बघा. ती ०.६३ किंवा त्याहून खाली उतरते. मला विचाराल तर १५ किलोंची पण असा हलका गिअर असलेली सायकल मी १३ किलोंच्या आणि तो नसलेल्या सायकलच्या आधी उचलेन.

वजन नेमकं असतं कुठे?

लोक फ्रेमकडे बोट दाखवतात. ॲल्युमिनियमची ठीकठाक हार्डटेल फ्रेम दीड ते सव्वादोन किलोंची असते. कार्बनची घेतली तर त्यातले जास्तीत जास्त किलोभर वाचतात, आणि त्या किलोभराची किंमत आपल्याला माहीत आहे.

खरा जडपणा पुढे, चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये आहे. स्वस्त सायकलींचा स्प्रिंगवाला शॉकअप अडीच किलोंच्या घरात जातो, वर कधीकधी तो नीट दबतही नाही. हवेवर चालणारा बरा फोर्क १.६ ते २ किलो. साधा ताठ लोखंडी फोर्क एक किलोच्या आसपास. ज्यांचं बहुतेक फिरणं डांबर आणि बऱ्या मातीच्या रस्त्यावर आहे, त्यांनी सस्पेन्शनच नसलेली माउंटन बाइक घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदाराला ते पटत नाही, कारण शॉकअप दिसला की गिऱ्हाईक खूश होतं.

मग चाकं. सुरुवातीच्या मॉडेलच्या चाकांची जोडी, टायर-ट्यूब सोडून, सव्वादोन-अडीच किलो. चांगली जोडी १.७ ते १.९. टायर तारेच्या काठाचे असतील तर ७०० ते ९०० ग्रॅम प्रत्येकी, घडी होणारे घेतले तर शंभर-दीडशे ग्रॅम कमी. कॅसेटमध्येही गंमत आहे: शिमानोची १२ गिअरची देओरे कॅसेट सुमारे ५९० ग्रॅमची, तीच सर्वात वरच्या एक्सटीआर श्रेणीत सुमारे ३७० ग्रॅम. किमतीतला फरक पाहिला की सव्वादोनशे ग्रॅमसाठी एवढे पैसे का मोजायचे असा प्रश्न पडतो. पडायलाच हवा.

चाकांचं वजन दुप्पट मोजायचं असतं, हे खरं का?

अर्धं खरं. रिम आणि टायर पुढे जातात आणि गोलही फिरतात, म्हणून वेग वाढवताना त्यांचं वजन जवळपास दुप्पट भासतं. एकसारख्या वेगाने लांब चढ चढताना तसं काही होत नाही. तिथे रिमवरचा १०० ग्रॅम आणि बाटलीतला १०० ग्रॅम सारखाच. सारखं थांबत, वळत, पुन्हा जोर लावत जाणाऱ्या दगडी पायवाटेवर मात्र हलकी चाकं जाणवतात. पैसे घालायचेच असतील तर फ्रेमच्या आधी चाकांत घाला, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो.

मग सगळ्यात हलके टायर टाकतो!

नाशिकमध्ये? जरा थांबा.

आपल्याकडच्या कच्च्या वाटा म्हणजे मुरूम, बसाल्टची धारदार खडी आणि बांधाबांधावर बाभूळ. द्राक्षबागांच्या कडेने जाणाऱ्या शिवाररस्त्यांवर बाभळीच्या फांद्या तोडून कुंपणाला लावलेल्या असतात आणि त्यातले सुके काटे रस्त्यावर येतात. शर्यतीचा पातळ टायर या काट्यापुढे कागद आहे. वाचवलेले दीडशे ग्रॅम दिंडोरीच्या पुढे कुठेतरी उन्हात बसून ट्यूब बदलताना आठवतात.

माझा सल्ला उलटा आहे: बाजू जाड असलेला, २.२ ते २.४ इंची टायर घ्या आणि रिम चालत असेल तर ट्यूबलेस करा. ट्यूब गेली म्हणजे चाकामागे २०० ग्रॅम गेले, आत १०० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आलं म्हणजे साधारण १०० ग्रॅम आले. वजन थोडं कमीच झालं आणि काटा घुसला तरी भोक आतून आपोआप बुजतं. फक्त सीलंट सुकतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी बघून भर घालावी लागते. काटा दिसला की लगेच उपटू नका, चाक फिरवून तो भाग खाली आणा आणि मग काढा, म्हणजे सीलंट तिथे पोहोचलेलं असतं.

हवा किती? ७० किलोंच्या माणसाला या मापाच्या टायरमध्ये ट्यूबलेस असेल तर २२ ते २८ पीएसआय पुरते, ट्यूब असेल तर ३० च्या पुढेमागे. पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलच्या नळीने दगडासारखी टम्म भरून आणलेली हवा मुरमावर घसरवते.

लोखंडी फ्रेम म्हणजे वाईटच का?

लोखंड लोखंडात फरक आहे. साधं पोलाद असो की क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद), घनता सारखीच, ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट. पण क्रोमोली जास्त मजबूत असल्यामुळे नळ्यांची जाडी कमी ठेवता येते आणि फ्रेम हलकी होते. साध्या पोलादाची फ्रेम जाड नळ्यांमुळे जड होते. क्रोमोलीची सायकल १३-१४ किलोंत बसू शकते, दणके चांगले पचवते आणि तडा गेलाच तर जोडता येते. सामान लादून लांब फिरणारे ती मुद्दाम शोधतात.

बारा-पंधरा हजारांत दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली मिळतेय. घेऊ?

नको. चांगल्या मागच्या सस्पेन्शनने हार्डटेलच्या तुलनेत दीड ते अडीच किलो वाढतात, पण त्या बदल्यात चाक जमिनीला धरून राहतं. स्वस्तात मिळते ती नुसती स्प्रिंग. प्रत्येक पॅडलला ती दबते, जोर वाया जातो, सांधे वर्षभरात खुळखुळायला लागतात. वजन वाढतं, उपयोग शून्य.

माझंच वजन ९५ किलो आहे. मी सायकलच्या वजनाचा विचार करावा का?

शेवटी करा. आधी बघा की सायकल तुम्हाला पेलणारी आहे का. कंपनीच्या पुस्तिकेत चालक आणि सामान मिळून कमाल भार दिलेला असतो, तो वाचा. ३२ तारांची चाकं घ्या. कमी तारांची हलकी चाकं तुमच्याखाली लवकर वाकतात आणि दर महिन्याला आउट काढायला, म्हणजे वाकडं चाक सरळ करून घ्यायला, जावं लागतं. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क असले तर उत्तम, कारण उतारावर थांबवायचं असतं ते सगळं ओझं. फोर्क हवेचा असावा, म्हणजे तुमच्या वजनाप्रमाणे पंपाने कमी-जास्त करता येतो. स्प्रिंगचा बहुतेकदा साठ-सत्तर किलोंचा माणूस धरून बसवलेला असतो आणि तुमच्याखाली तो तळाला टेकेल.

मुलीसाठी २४ इंची घ्यायची आहे. तिला वजनाने काय फरक पडणार?

सगळ्यात जास्त फरक तिलाच पडतो, आणि याच प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

नऊ वर्षांची मुलगी साधारण २६ किलोंची. बाजारातली शॉकअपवाली, जाड टायरची २४ इंची सायकल १३ किलोंची. म्हणजे तिच्या वजनाच्या निम्मी. ७० किलोंच्या बाबांना ३५ किलोंची सायकल दिली तर ते फाळके स्मारकापर्यंतसुद्धा जाणार नाहीत. आणि वर आपणच म्हणतो, "हिला सायकलची आवडच नाही."

मुलांच्या सायकलमधला शॉकअप काही कामाचा नसतो. २६ किलोंच्या वजनाने तो दबतच नाही. ताठ फोर्क, ॲल्युमिनियम फ्रेम, मागे सहा-सात गिअर, एवढी सायकल १० किलोंच्या आसपास मिळते. ब्रेकचा लिव्हर तिच्या बोटांना पोहोचतो का ते दुकानातच बघा. आणि "पुढची पाच वर्षं चालेल" म्हणून मोठ्या मापाची घेऊ नका.

पावसाळ्यात सायकल जास्त जड होते का?

होते, आणि चांगलीच. काळी माती ओली झाली की टायरला थर चढत जातो, फ्रेम आणि टायरमधली फट भरते आणि चाक फिरेनासं होतं. तेव्हा सायकलवर दोन-तीन किलो चिखल सहज असतो. टायर आणि फ्रेममध्ये भरपूर फट असलेली सायकल या बाबतीत किलोभर हलक्या सायकलपेक्षा जास्त कामाची. जून ते सप्टेंबर मुरमाच्या आणि खडकाळ वाटा धरा, नांगरलेल्या शेताकडेच्या सोडा. अंजनेरीच्या पठारावर तर या दिवसांत दुर्मीळ वनस्पती उगवतात, तिथे चाक घालूच नका.

फक्त सातपूरला कामावर जायचं आहे, कधीमधी त्र्यंबकला. माउंटन बाइकच हवी का?

बहुधा नको. हायब्रीड, म्हणजे रस्त्याची सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली, घ्या: ११ ते १३ किलो, अरुंद टायर, रस्त्यावर बरीच वेगवान. नाशिकची सायकलिंगमधली ख्यातीही मुळात रस्त्यावरची आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम (रेस ॲक्रॉस अमेरिका) शर्यत पुरी केली ती डांबरावरच, आणि पंढरपूरची सायकलवारीही डांबरावरूनच जाते. माउंटन बाइक आधीच घेतली असेल तर ती विकू नका, गुट्ट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर टाका. सायकल बदलल्यासारखी वाटेल.

जड सायकलवर डोंगरात जाताच येत नाही का?

हा खेळ सुरूच जड सायकलींवर झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागातली पोरं वीसेक किलोंच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. १९७६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या एका शर्यतीचं नाव रिपॅक पडलं, कारण एका उतारात ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. वर जाताना मात्र ही मंडळी शक्यतो ट्रक गाठायची!

चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही.

मग तुमच्यासाठी वजन खरंच महत्त्वाचं. रोज दोनदा उचलायची असेल तर १४ च्या आत राहा, शॉकअप टाळा, कुलूप खाली पार्किंगमध्येच ठेवा. दुकानात सायकल खांद्यावर घेऊन दहा पायऱ्या चढून बघा. वरची नळी फार उतरती असेल तर चौकट लहान होते आणि खांदा नीट बसत नाही.

आणि ई-माउंटन बाइक?

२० ते २५ किलो. मोटर चालू असेपर्यंत वजन विसरायला होतं. बॅटरी वाटेत संपली, की तेवढं सगळं ओझं पायांवर येतं. भारतात २५० वॅटपर्यंतची आणि २५ किलोमीटर वेगाला मदत थांबणारी मोटर असेल तर नोंदणी लागत नाही. ही मर्यादा काढून मोटर "अनलॉक" करून देतो म्हणणाऱ्या दुकानापासून दूर राहा. गाडीमागे लावायचा रॅक घेणार असाल तर त्याची प्रत्येक सायकलमागची क्षमता आधी वाचा. पुष्कळ रॅक १५ किलोंपर्यंतचेच असतात, आणि निघण्याआधी बॅटरी काढून गाडीत ठेवली तर तीन-चार किलो तिथेच कमी होतात.